टिनाखालचा वर्ग आणि अभिसरणाचा धडा



वहन, अभिसरण, प्रारण. तीन व्याख्या पाठ करून घेतल्या की आपण पुढे जातो. अभिसरणाचं उदाहरणही ठरलेलं, चुलीवरचं पाणी. खालचं पाणी तापतं, हलकं होतं, वर जातं. बरोबरच आहे. पण आपल्या नेरकडच्या पोट्ट्यांच्या डोक्यावर मार्च-एप्रिलमध्ये जे तापतं ते टिन. तिथे उष्णता वरून येते आणि सगळी गोष्टच उलटी होते.

टिनाला लागलेली हवा तापून हलकी होते, पण तिला आणखी वर जायला जागा नसते. ती तिथेच थर धरून बसते. समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा येतो, पण मंद असला तर या थराखालून निघून जातो. जोराचा असला तरच थर मोडतो. म्हणजे तापून हललेली हवा आणि वाऱ्याने ढकललेली हवा, दोघींची ओढाताण एकाच खोलीत चालते. याला मिश्र अभिसरण म्हणतात. कोणाचं चालणार हे अभियंते रिचर्डसन अंकावरून ठरवतात. सूत्र मुलांना नको, पण एवढं जरूर सांगा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याच्यापुढे तापलेल्या हवेचा जोर एक चतुर्थांश उरतो.

आता माझं मत. ऊन वाढलं की आपण शाळेसाठी पंखे मागतो. टिनाखाली टांगलेला पंखा वर अडकलेली हवाच ढवळून खाली आणतो. घाम सुकतो, बरं वाटतं, खोटं नाही. पण गरम हवा खोलीतच राहते! म्हणून आधी टिनालगत, दोन्ही भिंतींत, वर झरोके हवेत. असलेले झरोके चिमण्या येतात म्हणून आपणच बुजवतो, तिथे जाळी लावली तरी भागतं. टिनाचं प्रारण मात्र झरोक्याने थांबत नाही. त्यासाठी वरून पांढरा चुना नाहीतर खालून छत लागेल.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीत पंख्यांचा विषय निघाला की झरोक्यांचंही विचारा.

आणि शिक्षकहो, एकदा भर दुपारी खिडक्या लावून टेबलावर अगरबत्ती पेटवा आणि धूर कुठे जातो ते मुलांना वहीत काढू द्या. माझ्या चौथीतल्या एका मुलीने बाण वर नेला आणि टिनाच्या जरा खाली आडवा वळवला. "तिथून जायला रस्ताच नाही ना, सर," म्हणाली.