अंतराळाचे गायरान आणि राष्ट्रांचा स्वार्थ

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने भूमीवरून क्षेपणास्त्र सोडून स्वतःचाच ‘कॉसमॉस-१४०८’ हा निकामी उपग्रह उडविला. त्याच्या माग घेता येण्याजोग्या दीड हजारांहून अधिक ठिकऱ्या उडाल्या आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील सात अंतराळवीरांना जीव वाचविण्यासाठी परतीच्या यानांत आश्रय घ्यावा लागला. या सातांत दोघे रशियाचेच होते! आपल्या सामर्थ्याचे प्रदर्शन करताना एखादे राष्ट्र स्वतःच्या माणसांचीही पर्वा कशी करीत नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

परंतु एकट्या रशियाला दोष देऊन भागणार नाही. १९८५ मध्ये अमेरिकेने विमानातून अस्त्र सोडून आपला एक उपग्रह नष्ट केला होता. जानेवारी २००७ मध्ये चीनने सुमारे ८६० किलोमीटर उंचीवरील आपला हवामान उपग्रह फोडला. त्यातून तीन हजारांहून अधिक मोठे तुकडे निर्माण झाले. २००८ मध्ये पुन्हा अमेरिकेने आणि २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’द्वारे भारताने हाच मार्ग अनुसरला. भारताने त्यासाठी सुमारे तीनशे किलोमीटरची कमी उंची निवडली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तेथे हवेचा विरळ थर असल्याने बहुतेक तुकडे लवकर खाली येऊन जळून गेले. तरी काही वर फेकले गेले व अधिक काळ फिरत राहिले. चिनी तुकड्यांपैकी अनेक मात्र पुढची कित्येक वर्षे, नव्हे दशके, फिरत राहणार आहेत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे स्वरूप अपरिचित वाटू नये. गावचे गायरान सर्वांचे असते. म्हणूनच त्याची राखण कोणी करीत नाही. आणखी एक गुरे सोडणाऱ्यास लाभ पुरा मिळतो, उजाड होणाऱ्या कुरणाची हानी मात्र साऱ्या गावात वाटली जाते. अंतराळाचे नेमके असेच झाले आहे. अस्त्रचाचणीचा दबदबा एका राष्ट्राच्या पदरात पडतो, कचऱ्याचा भार सर्वांच्या माथी येतो. शिवाय हा कचरा निपचित पडून राहणारा नाही. सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने जाणारा लहानसा तुकडाही उपग्रहाचा घात करू शकतो. एका टकरीतून अनेक तुकडे आणि त्या तुकड्यांतून नव्या टकरी अशी साखळी सुरू होईल, असा इशारा डोनाल्ड केसलर व त्यांच्या सहकाऱ्याने १९७८ सालीच दिला होता. १० फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेचा एक चालू व रशियाचा एक मृत उपग्रह सायबेरियावर परस्परांवर आदळले, तेव्हा ही भीती केवळ कागदी नव्हती हे सिद्ध झाले.

मग कायदा काय करतो? १९६७ च्या अंतराळ कराराने पृथ्वीच्या कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यास बंदी केली. परंतु भूमीवरून अस्त्र सोडून उपग्रह फोडण्याविषयी तो मौन बाळगतो. १९७२ च्या करारान्वये नुकसानभरपाईची तरतूद झाली. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रहाचे किरणोत्सर्गी अवशेष कॅनडात पडले, तेव्हा मॉस्कोने पुढे तीस लक्ष कॅनेडियन डॉलर मोजले. पण जमिनीवर नुकसान होणे वेगळे आणि कक्षेत होणे वेगळे. कक्षेत दुसऱ्याची चूक सिद्ध करावी लागते. आणि वर्षानुवर्षे फिरणारा इंचभर तुकडा कोणाचा, हे कोणत्या पंचाने ठरवावयाचे?

नवे करार होत नाहीत याचे कारणही स्वच्छ आहे. रशिया व चीन यांना अंतराळात शस्त्रे ठेवण्यावर बंदी हवी आहे. पण त्यांच्या मसुद्यात भूमीवरील अस्त्रांना मोकळीक राहते. अमेरिकेने २०२२ मध्ये विध्वंसक चाचण्या न करण्याचे घोषित केले. पण ते तंत्र तिने केव्हाच आत्मसात केले आहे. जे आपणाला गैरसोयीचे त्यावर बंदी आणि जे सोयीचे त्याला अभय, असा हा व्यवहार आहे. एप्रिल २०२४ मध्ये अंतराळातील अण्वस्त्रांविषयीचा ठराव सुरक्षा समितीपुढे आला, तेव्हा रशियाने नकाराधिकार वापरला. तथापि निराश होण्याचे कारण नाही. १९६२ मध्ये अमेरिकेने चारशे किलोमीटर उंचीवर केलेल्या अणुस्फोटाने अनेक उपग्रह निकामी झाले होते. पुढच्याच वर्षी, शीतयुद्ध ऐन भरात असताना, महासत्तांनी अंतराळातील अणुचाचण्यांवर बंदी मान्य केली. स्वतःची हानी दिसू लागली की शत्रूही शहाणे होतात.

डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा विध्वंसक चाचण्या थांबविण्याच्या ठरावाला १५५ राष्ट्रांनी पाठिंबा दिला, नऊ राष्ट्रांनी विरोध केला आणि भारत तटस्थ राहिला. भारताच्या संशयाला इतिहास आहे. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला त्यांनाच अण्वस्त्रधारी मानणाऱ्या कराराने आपल्यापुढे दार बंद केले होते. उंबरठ्याबाहेर पुन्हा तिष्ठत राहू नये, हा २०१९ च्या चाचणीमागील एक विचार असावा, असे अनेक निरीक्षकांनी म्हटले आहे. पण तो उद्देश आता साधला आहे. सिद्ध झालेले सामर्थ्य पुन्हा सिद्ध करून नवे काय हाती लागणार? यापुढे असे स्फोट करणार नाही, अशी घोषणा केल्याने ते सामर्थ्य नाहीसे होत नाही. २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प भारताने २०२४ मध्ये जाहीर केलाच आहे. ही घोषणा त्याचीच पूर्तता ठरेल.

आपल्यापुरता प्रश्न प्रतिष्ठेचा नाही, भाकरीचा आणि जिवाचा आहे. १९९९ च्या ओरिसातील चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ च्या ‘फायलिन’ वादळात हा आकडा पन्नासाच्या आसपास राहिला. याचे श्रेय निवाऱ्यांना आणि वेळीच केलेल्या स्थलांतराला आहे. पण वेळ कोणती हे कळते उपग्रहांच्या चित्रांवरून. श्रीमंत राष्ट्रे फुटलेला उपग्रह उद्या बदलतील. आपला मच्छीमार, आपला शेतकरी मात्र तोवर आभाळाकडे पाहत राहील. गायरान उजाड झाले तर प्रथम उपासमार होते ती गरिबाच्या गुरांची, हे भारताने विसरू नये.