गिधाडांचे ऋण

कोणाच्या लोभीपणाचा धिक्कार करावयाचा झाला की 'गिधाड' हा शब्द आपल्या जिभेवर आयता येतो. परंतु ज्या पक्ष्याने शतकानुशतके गावोगावची घाण विनामोबदला निपटून काढली, त्याच्या नावाची शिवी व्हावी, आणि तो नाहीसा होऊ लागला तेव्हा आपण त्याची साधी विचारपूसही करू नये, ही कृतघ्नता मला फार बोचते.

माझ्या लहानपणी गावात बैल मेला की तो ओढत नेऊन वेशीबाहेरच्या माळावर टाकीत, आणि घटका-दोन घटकांत, रिकाम्या भासणाऱ्या आकाशात कोठून तरी एक काळा ठिपका, मग दुसरा, मग दहा-वीस, असे घिरट्या घालीत उतरू लागत. जमिनीवर हा पक्षी बेढब खरा. पंख अर्धवट उघडून उड्या मारीत धावणे, एकमेकांवर फुत्कारणे, सारेच ओबडधोबड. पण तोच पक्षी सहा-सात फुटांचे पंख पसरून, तापलेल्या हवेच्या झोतावर स्वार होऊन, पंखाची फडफडही न करता वर चढू लागला की त्याच्या पाठीवरचा पांढरा पट्टा उन्हात झळके आणि पाहणाऱ्याची मान अवघडून जाई. बोडक्या मानेची लोकांना किळस येते. वास्तविक शवात डोके घालणाऱ्याला तीच सोयीची. पोटभर खाऊन डोहाकाठी मनसोक्त स्नान करणारी आणि मग खडकावर पंख पसरून उन्हात वाळत बसणारी गिधाडे मी पाहिली आहेत.

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक एवढीच उरली. दुखणाऱ्या गुराला दयाबुद्धीने टोचलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याच्या शवातून गिधाडाच्या पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी होत, अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा थर चढे आणि पक्षी मान टाकून मरे. हे कारण पाकिस्तानातील संशोधनातून २००४ साली उजेडात आले. शेकडा एकाहूनही कमी शवांत औषध असले तरी विनाशाला ते पुरेसे, असेही गणित मांडले गेले.

शासनाने २००६ साली जनावरांसाठी या औषधाला मनाई केली. माणसांसाठीची मोठी बाटली गुरांना टोचण्याची पळवाट उरली होती, ती २०१५ साली कुपी ३ मिलिलीटरपुरती मर्यादित करून अडवली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. परंतु हुकूम दप्तरात असणे निराळे आणि तालुक्याच्या दुकानात त्याची अंमलबजावणी होणे निराळे. हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे ताडोबा-पेंचच्या रानात आणली, रायगड जिल्ह्यातील चिरगावच्या उंच झाडांवरील घरटी जपली, तरी ज्या मादीचे वर्षाला एकच अंडे आणि ज्या पिल्लाला वयात यायला पाच-एक वर्षे, त्यांच्या ताटात विष पडत राहिले तर हा सारा बंदोबस्त व्यर्थ आहे.

पशुपालक बंधूंनो, गुराला वेदनाशामक द्यावे लागले तर पशुवैद्यांकडे गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅमच मागा. आणि दुसरे औषध टोचलेले गुरू दगावले तर ते माळावर न टाकता खोल पुरा.