यंत्राच्या निविदेआधी पदाची जाहिरात

इमारत उभी राहिली म्हणजे इस्पितळ सुरू झाले असे होत नाही, हे पेडणेकरांना वेगळे सांगायला नको. तुये येथे शंभर खाटांच्या इस्पितळाची इमारत बांधून झाली. पुढे ते सुरू कधी होणार, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी (गोमेकॉशी) जोडले जाणार की नाही, यावर वर्षानुवर्षे सभा, निवेदने आणि आंदोलने होत राहिली. बांबोळीला टाटा मेमोरियल सेंटरच्या सहकार्याने कर्करोग केंद्र उभारण्याची घोषणा झाली आहे, तिचा विचार करताना हा अनुभव विसरून चालणार नाही. अशा केंद्राच्या बातमीत खर्चाचा आकडा असतो, खाटा असतात, परदेशी बनावटीच्या किरणोपचार यंत्राचे कौतुक असते. पण ते यंत्र एका रुग्णावरही चालवण्याआधी ज्याने ते मोजून, तपासून द्यावे लागते, त्या मेडिकल फिजिसिस्टचे नाव बातमीत सहसा सापडत नाही. सरकारी नियोजनातही तो यंत्राच्या मागून, कंत्राटावर, जमेल तसा येतो. हा क्रम उलटा व्हायला हवा. फिजिसिस्टची कायम पदे आधी मंजूर करावीत, त्यासाठी गोव्यातलीच मुले आधी शिकायला पाठवावीत आणि मग यंत्राची निविदा काढावी. ही मुले पेडणे आणि डिचोलीत मिळू शकतात.

हा माणूस नेमके करतो काय? डॉक्टर कागदावर लिहितात: किरणांची इतकी मात्रा, इतक्या सिटिंगमध्ये. उदाहरणार्थ, ५० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक), २५ सिटिंग, म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, पाच आठवडे, दर वेळी २ ग्रे. गाठ कुठे आहे हेही डॉक्टरच सीटी स्कॅनवर आखून देतात. ती मात्रा गाठीवर पुरेपूर पडावी, आणि शेजारचा मज्जारज्जू, लाळग्रंथी, मूत्राशय मात्र शक्य तितके वाचावेत, यासाठी किरणांच्या दिशा, आकार आणि वेळ ठरवणे हे फिजिसिस्टचे काम. त्याहून महत्त्वाचे काम असे की यंत्र २ ग्रे म्हणते तेव्हा खरोखर २ ग्रेच बाहेर पडतात का, हे मोजून पाहणे. दिलेली मात्रा ठरलेल्या मात्रेच्या पाच टक्क्यांच्या आत असावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक १९७६ पासून मानला जातो. ५० ग्रेचे पाच टक्के म्हणजे अडीच ग्रे, एका संपूर्ण सिटिंगहूनही जास्त. एवढीच काय ती ढिलाई, आणि तीत रुग्णाच्या हालचालीपासून संगणकाच्या गणितापर्यंत सगळ्या चुका बसवायच्या.

मोजणी होते कशी हे जवळून पाहिले तर काटेकोरपणा म्हणजे काय ते कळते. पाण्याने भरलेल्या टाकीत, १० सेंटिमीटर खोलीवर, आयन चेंबर नावाची बारीक नळी बसवतात. तिच्या पोकळीत एक घनसेंटिमीटरभरही हवा मावत नाही. किरणांमुळे त्या हवेत जो विद्युतभार तयार होतो तो इलेक्ट्रोमीटर दाखवतो. ही पोकळी बाहेरच्या हवेशी जोडलेली असते, त्यामुळे खोली तापली की आतली हवा विरळ होते आणि आकडा कमी येतो. संदर्भ तापमान २० अंश धरतात. खोलीत २५ अंश असताना ही दुरुस्ती करायची राहून गेली, तर मोजमाप १.७ टक्क्यांनी चुकते. यंत्र कमी मारा करते आहे असे वाटून तो वाढवला जातो, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला जादा मात्रा मिळते. हवेच्या दाबाचीही अशीच दुरुस्ती करावी लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात केबलच्या जोडांत दमट हवा शिरली की इलेक्ट्रोमीटर नसलेला प्रवाह दाखवू लागतो, तो ओळखावा लागतो. हे सगळे बहुतेक वेळा संध्याकाळी, शेवटचा रुग्ण घरी गेल्यावर चालते. रुग्णाला या माणसाचे नाव माहीत नसते आणि इस्पितळाच्या कचेरीत त्याची गणना अनेकदा तंत्रज्ञांत होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आता संगणक आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, योजना यंत्रच करून देते, मग इतकी शिकलेली माणसे कशाला? याचे उत्तर अपघातांच्या इतिहासात आहे. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट येथे १९८२ मध्ये उपचारांची योजना करणारा संगणक आला. अंतराची दुरुस्ती तो स्वतःच करत होता. कर्मचारी मात्र जुन्या सवयीने तीच दुरुस्ती पुन्हा हाताने करत राहिले. १९९१ मध्ये नवी प्रणाली येईपर्यंत हे कुणाच्या ध्यानात आले नाही, आणि तोवर हजारावर रुग्णांना ठरल्यापेक्षा कमी मात्रा मिळाली होती. कुणाला भाजले नाही, कुणाची तक्रार आली नाही. संगणकाचे गणित अचूक होते, पण तो काय गृहीत धरतो हे विचारणारे कुणी नव्हते. साधने जितकी हुशार होतील तितका हा प्रश्न विचारणारा माणूस अधिक लागेल.

फिजिसिस्ट असला म्हणजे चूक होत नाही, असेही समजू नये. कोस्टा रिकाच्या सान होजे शहरात १९९६ मध्ये कोबाल्टचा नवा स्रोत बसवल्यावर त्याची मोजणी करताना ०.३ मिनिट हा अवधी ३० सेकंद धरला गेला. ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद. स्रोत प्रत्यक्षापेक्षा दुबळा ठरला, त्यामुळे उपचाराची वेळ वाढवली गेली, आणि महिन्याभरात ११५ रुग्णांना ५० ते ६० टक्के जादा मात्रा बसली. शाळेतला मुलगाही पकडेल अशी ही चूक होती, पण पकडायला दुसरे कुणी नव्हते. एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासायचे, हा या पेशाचा पाया आहे. म्हणूनच एखाद्या केंद्रात एकटा फिजिसिस्ट नेमून भागवणे ही काटकसर नव्हे, तो धोका आहे.

कायद्यानेही या माणसाला सोडून पुढे जाता येत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, १९८३ पासून देशातल्या प्रत्येक किरणोपचार केंद्रावर देखरेख ठेवते. पात्र फिजिसिस्ट आणि मंडळाने मान्य केलेला किरणसुरक्षा अधिकारी असल्याशिवाय उपचार सुरू करण्याची परवानगी मिळत नाही. बहुतेक ठिकाणी ही दुसरी जबाबदारीही फिजिसिस्टवरच असते. मोजमाप जुळत नसेल तर आज यंत्र चालणार नाही, हे त्याने ठामपणे सांगायचे असते. इथे आपल्या नोकरभरतीचा प्रश्न येतो. ज्याचे कंत्राट दर काही महिन्यांनी वरिष्ठांच्या सहीने वाढते, तो बाहेर चाळीस रुग्ण ताटकळत असताना यंत्र बंद ठेवा असे सांगू शकेल का? एखादा सांगेलही. पण रुग्णांची सुरक्षा अशा एखाद्याच्या धैर्यावर सोडणे बरे नव्हे. दुसरीकडे, फिजिसिस्ट सोडून गेला म्हणून केंद्र थांबले, तर तेही रुग्णाला परवडत नाही. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार जितके दिवस लांबतात, तितकी रोग आटोक्यात येण्याची शक्यता दर दिवशी साधारण एक टक्क्याने घटते. पेडण्याहून म्हापसा, पर्वरी करत कदंब बसने बांबोळीला रोज येणाऱ्या बाईला "यंत्र बंद आहे, सोमवारी या" असे सांगितले जाते, तेव्हा तिची फेरी वाया जाते आणि वर रोग आटोक्यात येण्याची शक्यताही घटते.

मग ही माणसे आणायची कुठून? या पेशाचा रस्ता वैद्यकीय महाविद्यालयातून जात नाही, तो पदार्थविज्ञानातून जातो. आधी पदार्थविज्ञानात एम.एस्सी., मग मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची वर्षभराची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका, मग एखाद्या मान्यताप्राप्त केंद्रात वर्षभर इंटर्नशिप, आणि मग सुरक्षा अधिकाऱ्याची पात्रता. भाभा केंद्राचा हा अभ्यासक्रम जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९६२ मध्ये सुरू झाला. देशातल्या कित्येक पिढ्या तिथे घडल्या. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठासारख्या ठिकाणी मेडिकल फिजिक्समध्ये थेट एम.एस्सी. करण्याची सोय आहे. भाभा केंद्राच्या अभ्यासक्रमाच्याही आधी, मादाम क्युरींच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेत शिकून आलेल्या डॉ. रामय्या नायडूंनी मुंबईच्या टाटा इस्पितळात या कामाचा पाया घातला. ते इस्पितळ १९४१ मध्ये सुरू झाले. म्हणजे पेशा नवा नाही आणि तो शिकण्याची ठिकाणेही दूरदेशी नाहीत. यात महत्त्वाचा आहे तो काळाचा हिशेब. बी.एस्सी. झालेल्या मुलीने आज निर्णय घेतला तरी ती रुग्णांसाठी स्वतंत्रपणे काम करायला किमान चार वर्षे लागतात. यंत्र मात्र ऑर्डर दिल्यापासून त्याच्या कितीतरी आधी बंदरावर येऊन पोचते. निविदेआधी पदाची जाहिरात हवी, ती याच कारणासाठी.

पेडणे तालुक्यातले विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय कला आणि वाणिज्य शाखांचे आहे. पेडण्याच्या मुलाला पदार्थविज्ञान शिकायचे तर म्हापसा किंवा आसगाव गाठावे लागते. डिचोली तालुक्यात साखळीच्या सरकारी महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे. एम.एस्सी.साठी ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. तिथवर पोचलेल्या मुलांपुढे बहुधा दोनच वाटा असतात, बी.एड. करून शाळा धरायची किंवा औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीची पाळी धरायची. मेडिकल फिजिक्स ही तिसरी वाट आहे, हे त्यांना सांगणारे कुणी नाही. डिचोलीने २०१२ आणि २०१८ अशी दोनदा खाणबंदी सोसली आणि एका धंद्यावर अवलंबून राहण्याचा अर्थ अनुभवला. पेडण्यात मोपाचा विमानतळ आला तेव्हा स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून कौशल्य प्रशिक्षणाचे केंद्र काढावे लागले. आधी शिकवा, मग नेमा, हे तत्त्व सरकारने विमानतळासाठी मान्य केलेच आहे. इस्पितळासाठी त्याचीच अंमलबजावणी हवी.

गोवा एवढासा, त्याला असे किती फिजिसिस्ट लागणार, मग त्यासाठी योजना कशाला, असेही विचारले जाईल. पण संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे, म्हणूनच योजना सोपी आहे. विद्यापीठात नवा विभाग काढायची गरज नाही. दरवर्षी दोघा-तिघांची निवड करावी, त्यांचा मुंबईचा खर्च सरकारने उचलावा आणि परतल्यावर त्यांच्यासाठी पद तयार ठेवावे. रुग्णालयांनी पुरस्कृत केलेल्या उमेदवारांचा विचार भाभा केंद्राच्या प्रवेशात होत आला आहे, ती सोय गोव्याने वापरावी. मोठ्या शहरात एक फिजिसिस्ट सोडून गेला तर शेजारच्या इस्पितळातून दुसरा मिळतो. गोव्यात तसे होत नाही, म्हणून इथे अंदाजाने चालणे अधिक महागात पडते.

शिकून ही मुले आखातात किंवा बेंगळुरूला जातील, ही भीती मात्र खरी आहे. तिला केवळ बंधपत्राने उत्तर देता येणार नाही. परत येऊन रुजू व्हायला पदच नसेल तर बंधपत्राचा कागद काय कामाचा? पद कायम असावे, वेतनश्रेणी शिक्षणाला साजेशी असावी आणि फिजिसिस्टला तंत्रज्ञांच्या रांगेत न बसवता वैद्यकीय निर्णयात जागा मिळावी. एवढे केले तर आई-वडिलांजवळ राहून सरकारी नोकरी करण्याची गोमंतकीय ओढ उरलेले काम करील. या ओढीची एरवी आपण चेष्टा करतो, पण इथे ती कामाला येईल.

घरच्यांची भीती वेगळीच असते. किरणांत काम केले तर तब्येतीचे काय, मुलीचे लग्न कसे जमणार? खरे तर किरणोपचाराचे यंत्र, म्हणजे लिनिअर ॲक्सिलरेटर, बंद केले की त्यातून किरण येत नाहीत, आणि चालू असताना खोलीत फक्त रुग्ण असतो, बाकीचे जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर. इरिडियमचा स्रोत वापरून शरीराच्या आतून उपचार करतात तिथे अधिक जपावे लागते, आणि ते कसे जपायचे हेही याच शिक्षणाचा भाग आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर किरणमात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो. कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये, आणि कोणत्याही एका वर्षात ३० हून अधिक नाही, असा नियम आहे. ज्या पेशात अंगावर पडलेल्या प्रत्येक किरणाचा हिशेब ठेवला जातो, त्याला घाबरण्याचे कारण नाही.

बांबोळीला येणारे रुग्ण फक्त गोव्याचे नसतात. दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा इथली माणसेही पेडणे-डिचोलीच्या रस्त्याने तिथेच पोचतात. या सगळ्यांच्या वतीने पेडणे, मांद्रे, डिचोली आणि मये मतदारसंघांच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एकच तारांकित प्रश्न विचारावा. राज्यात मेडिकल फिजिसिस्टची कायम पदे किती मंजूर आहेत, त्यातली भरलेली किती, आणि येत्या चार वर्षांसाठी सरकारने शिकायला कुणाला पाठवले आहे? साखळीचे प्रतिनिधित्व स्वतः मुख्यमंत्री करतात, त्यामुळे उत्तर देणाऱ्याच्याही तालुक्याचा हा प्रश्न आहे. तिसऱ्या भागाचे उत्तर "कुणालाही नाही" असे आले, तर यंत्राची निविदा तोवर थांबवावी आणि आधी पदांची जाहिरात काढावी.