यंदा शूटिंग कुठे?

ऐतिहासिक चित्रपटाची घोषणा झाली की वाईतल्या चहाच्या टपऱ्यांवर एकच विषय असतो: शूटिंग आपल्याकडे होणार का? कुणी घाटावर मोजमाप घेणारी माणसं पाहिलेली असतात, कुणाच्या भाच्याकडे घोडे मागितलेले असतात. हे तर्क मला मनापासून आवडतात, कारण त्यांच्यामागे जाणकारी आहे. ‘गंगाजल’मध्ये वाई बिहार झाली, ‘स्वदेस’मध्ये मेणवलीचा घाट उत्तरेतल्या चरणपूरचा झाला. हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

पेशवाईचा चित्रपट असेल तर मेणवलीचं नाव पहिलं निघतं, आणि ते योग्यच आहे. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेकाठचा दगडी घाट, वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणतात ती पोर्तुगीज घंटा: एवढं सगळं एका जागी आयतं कुठे मिळणार? तरीही ‘पानिपत’साठी शनिवारवाडा कर्जतच्या स्टुडिओत उभा राहिला. निर्मात्यांचीही अडचण असते. संरक्षित वास्तूत चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, शिवाय विजेचे खांब आणि पत्र्याची छपरं लपवावी लागतात.

पण युनिट खरोखर आलंच, तर दोन गोष्टी व्हाव्यात. घाटाच्या दगडात एकही खिळा ठोकला जाऊ नये. आणि पडद्यावर गावाला कुठलंही नाव द्या, श्रेयनामावलीत मात्र ‘मेणवली, तालुका वाई’ असं स्पष्ट लिहा.