धंद्याची वही आणि लेकराचा घास

शाळेच्या प्रवेश-अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. पूर्वी आपल्या मंडळींच्या अर्जांत तेथे बहुधा ‘नोकरी’ हा एकच शब्द असे. अलीकडे ‘स्वतःचा व्यवसाय’ हे शब्दही वारंवार दिसू लागले आहेत. मराठी माणूस नोकरीची चाकोरी सोडून धंद्यात उतरतो, याचा आनंदच मानावयास हवा. परंतु ज्या घरात आई-वडील विभक्त झाले आहेत, तेथील मुलाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ निराळा होऊ शकतो. त्याविषयी आज थोडे लिहावयाचे आहे.

‘असले प्रसंग आपल्यांत घडत नाहीत,’ असे म्हणून हा विषय टाळण्याची आपली रीत आहे. ती आता सोडलेली बरी. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. म्हणजे प्रश्न आजचा नव्हे. इंदूर-ग्वाल्हेरच्या न्यायालयांत ज्याला ‘भरण-पोषण’ म्हणतात आणि बेळगावकडच्या कानडी कागदांत जो ‘जीवनांश’ होतो, तीच आपली पोटगी.

नोकरदाराची पोटगी ठरविणे त्या मानाने सोपे असते. पगाराची चिठ्ठी समोर असते आणि आकडा सरळ असतो. धंद्याचे तसे नाही. समजा, पीथमपूरच्या कारखान्यात चाळीस हजार पगार असलेल्या एका गृहस्थाने मुलीसाठी दरमहा ८,००० रुपये द्यावेत, असा हुकूम झाला. पुढे त्याने नोकरी सोडून सुट्या भागांचे दुकान घातले. वर्षाची उलाढाल ३० लाखांची. लहान व्यापाऱ्यांसाठी आयकरात अनुमानित उत्पन्नाची सवलत आहे. तीनुसार उलाढालीच्या किमान आठ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर किमान सहा टक्के, उत्पन्न दाखविले की सविस्तर हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. आठ टक्क्यांनी वर्षाचे २,४०,००० म्हणजे महिन्याचे २०,००० रुपये झाले. खरा नफा याहून पुष्कळ अधिक असू शकेल. पण कागदावर मुलीचा बाप एका वर्षात निम्म्याने गरीब झाला!

जे वह्या ठेवतात, त्यांच्या वहीतही गाडीचे पेट्रोल, टेलिफोन, यंत्रांचा घसारा असे खर्च नफ्यातून वजा होतात. घसारा वहीत खर्च म्हणून पडतो. त्या वर्षी खिशातून मात्र काही जात नाही. करापुरते हे सारे कायदेशीर असेल. पण कर भरण्याचे उत्पन्न आणि लेकरू पोसण्याची ऐपत या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशा कौटुंबिक वादांत आयकराचे विवरणपत्र हे खऱ्या उत्पन्नाचे अचूक माप असतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली म्हटले आहे. त्याआधी, ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात, उभय पक्षांनी आपली मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असा दंडक याच न्यायालयाने घालून दिला. धंदा एकट्याचा की भागीदारीचा, निव्वळ प्राप्ती किती, बँकेतील व्यवहार काय, हे सारे त्यात सांगावे लागते.

आता दुसरी बाजू. प्रत्येक धंदेवाईक बाप लबाड असतो, असे मानणे अन्यायाचे होईल. नव्या दुकानाची पहिली वर्षे खरोखरीच ओढाताणीची असतात. अशा बापासाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आपल्या परिचयाचे होते; १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. परिस्थिती बदलली असेल, तर कलम १४६ प्रमाणे रक्कम बदलून मागता येते. ही वाट आईलाही खुली आहे. धंदा भरभराटीस आला, तर तिलाही वाढ मागता येते. मात्र नवा हुकूम होईपर्यंत जुना हुकूम कायम असतो. अर्ज न करता परस्पर पैसे थांबविणे ही थकबाकीच ठरते. तिच्यापायी प्रत्येक महिन्याच्या चुकाऱ्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगून देणे फिटत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा आहे. ‘धंदा बुडाला, आता उत्पन्नच नाही,’ ही सबबही धडधाकट माणसाच्या तोंडून न्यायालयाने २०२२ साली मानली नाही.

आमच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून एक वाक्य नेहमी ऐकू येते : ‘त्याचा धंदा जरा सावरू द्या, मग बघू.’ हेतू चांगला असतो. परंतु दुकान सावरण्यास दोन वर्षे लागली, तरी सातवीतले मूल तोवर सातवीत थांबत नाही. त्याच्या पायातील बूट आखूड होतात, परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख टळते आणि शिकवणी सुटते. ती दोन वर्षे पुढे कितीही नफा झाला, तरी विकत मिळत नाहीत.

म्हणून वाचकहो, दोन्ही बाजूंस चार शब्द सांगावेसे वाटतात. आईने शाळेच्या, औषधाच्या, पुस्तकांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. दुकानाची पाटी, जीएसटीची नोंदणी, बँकेत आलेल्या रकमा यांची नोंद असू द्यावी. आणि थकलेली रक्कम ज्या दिवशी देय झाली, त्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. त्यापुढे ही वाट बंद होते. वडिलांनी दुकानाचे भाडे जसे पहिल्या तारखेस बाजूला काढतात, तसा मुलाचा हिस्सा आधी काढावा. खरोखरीच झेपत नसेल, तर वह्या उघडून न्यायालयापुढे जावे. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने अपत्याच्या पोषणाचा भार आई व बाप दोघांवरही ठेवला आहे. तेव्हा कमावत्या आईनेही आपला वाटा मोकळेपणाने सांगावा. आणि आपण नातेवाइकांनी, कोणाचा पक्ष घ्यावयाचा याचा खल करीत बसण्यापूर्वी, या महिन्याची फी भरली गेली का, एवढे तरी विचारावे.