कोंड्याचा मांडा

‘कोंड्याचा मांडा करणें’ ही म्हण आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकलेली असेल. परंतु ज्यांनीं कोंडाहि पाहिला आहे व मांडाहि खाल्ला आहे, असे वाचक आतां थोडेच उरले असतील. मांडा म्हणजे पक्वान्नांतील चक्रवर्ती. बारीक वस्त्रानें गाळलेल्या सपिटाची कणीक, तींत पिठीसाखरेचें पुरण, आणि पालथ्या घातलेल्या खापरावर हातांनीं विस्तारून भाजलेली ती पापुद्र्यासारखी पोळी! आणि कोंडा म्हणजे सपीट निघून गेल्यावर चाळणींत उरतें तें. या उरलेल्याचें जी पक्वान्न करून दाखवील ती खरी सुगरण, असा त्या म्हणीचा अर्थ आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें मुलांस सांगितला. सांगत होतों खरा. पण तो आम्हांस पुरता कळला होता, असें मात्र आज म्हणवत नाहीं.

हें आठवण्याचें कारण आमचा नातू. गेल्या सुटींत तो आमच्याकडे आला असतां एके दिवशीं जेवतांना म्हणाला, “आजोबा, तुमच्या लहानपणीं बाजारांत असलें कांहीं मिळत नसे, तर मग तुम्ही खात तरी काय होतां?” आम्ही म्हणालों, “भाकरी.” त्यावर चिरंजीव उत्तरले, “भाकरी तर आम्हीहि खातों!” आणि तें खोटें नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळल्यापासून तर ज्वारीला शहरांतहि मोठा मान आला आहे. तेव्हां त्याला काय सांगावें याचा आम्हांस क्षणभर विचार पडला, आणि मग एकेक पदार्थ आठवूं लागले.

आमचें गांव सोलापूर जिल्ह्यांतलें. वडील (त्यांस आम्ही अण्णा म्हणत असूं) भिक्षुकी करीत. थोडी जमीन होती, ती १९५७ सालीं कुळकायद्यानें कसणाऱ्याची झाली. त्याबद्दल अण्णांनीं कधीं कुरकुर केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. मात्र पोत्यांनीं येणारें धान्य तेव्हांपासून पायलीनें येऊं लागलें, असें आई सांगे. आम्ही चार भावंडें. पायलीचें धान्य सहा तोंडांस पुरवावयाचें, हें गणित तिला रोज सोडवावें लागे. आणि तें ती अशा रीतीनें सोडवी, कीं आम्हां मुलांस तें गणित आहे याचा पत्ताच नसे.

दोडक्याच्या शिरा टाकून देण्याची आमच्या घरीं रीत नव्हती. कोंवळ्या शिरा बारीक चिरून, तेलाचें बोट लावलेल्या तव्यावर मंद विस्तवानें कुरकुरीत परतावयाच्या; मग तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, मीठ व तिखट. भाजीपेक्षां या चटणीवरच आमचीं भांडणें अधिक होत. उन्हाळ्यांत नदीच्या वाळवंटांतलीं कलिंगडें येत, तेव्हां तांबडा गर आम्हीं खावा व पांढरा आईकडे परत करावा, असा करार होता. तो पांढरा भाग किसून ती थालिपिठांत घाली; थालिपीठ मऊ होई आणि पीठहि कमी लागे. लोणी कढविलें कीं पातेल्याच्या तळाशीं जी खमंग बेरी राही, तींत चिमूटभर साखर घालून तें पातेलें आमच्या हवालीं होई. पातेलें एक आणि मुलें चार. म्हणून पाळी लावून दिलेली होती, व ज्याची पाळी तो त्या दिवसापुरता राजा! राजानें बोटांनीं निपटून घेतलेल्या त्याच पातेल्यांत आई संध्याकाळची कणीक मळी, म्हणजे कडेला चिकटलेलें तूपहि वायां जात नसे.

आणि रात्रीची उरलेली भाकरी! संस्कृतांतील ‘शीतल’ शब्दाचें मराठींत ‘शिळें’ झालें. म्हणजे मुळांत शिळें तें केवळ निवलेलें. आई संस्कृत शिकली नव्हती, परंतु शिळ्याकडे पाहण्याची तिची दृष्टि या व्युत्पत्तीला धरूनच होती. निवलें आहे ना, मग पुन्हां तापवावें! भाकरी कुसकरून, तिजवर ताकाचा हबका मारून, मोहरी-हळदीच्या फोडणींत ती परतली म्हणजे सकाळीं उठण्यास आम्हांस हांक मारावी लागत नसे.

अण्णांचाहि एक पदार्थ होता. महिन्यांतले तीन दिवस आई बाजूला बसे, व स्वयंपाक अण्णांकडे येई. त्यांतील एका दिवशीं हुलग्याचें माडगें ठरलेलें. भाजलेल्या हुलग्याचें पीठ, गूळ, सुंठ व वर असेल तर दूध. पीठ आधीं गार पाण्यांत कालवून मग चुलीवर चढवावयाचें असतें. अण्णा तें नेमकें कढत पाण्यांत टाकीत. आई कोपऱ्यांतून म्हणे, “अहो, गुठळ्या होतील.” आणि त्या होत. अण्णा वाढतांना गंभीरपणें सांगत, “मुलांनो, ह्या गुठळ्या नव्हेत, हे शाळिग्राम आहेत. ज्याच्या वाटींत अधिक, त्याला पुण्य अधिक.” आम्ही खरोखरच शाळिग्राम मोजून घेत असूं. पुढें उत्तम, एकजीव माडगें आम्हीं अनेक ठिकाणीं खाल्लें. पण त्यांत पुण्य कांहीं लाभलें नाहीं!

येथवरचें आमच्या नातवानें हंसत ऐकलें. परंतु यापुढची गोष्ट हंसण्यासारखी नाहीं.

१९७२ सालीं पावसानें दगा दिला. आमचा मुलूख ज्वारीचा. मंगळवेढ्याची मालदांडी म्हणजे ज्वारींतली राणी, आणि दुर्गादेवीच्या दुष्काळांत सरकारी कोठारें लुटवून देणाऱ्या दामाजीपंतांची कथा त्याच मातींतली. पण त्या वर्षीं त्या मातींतून कांहींच आलें नाहीं. मोठमोठे शेतकरी खडी फोडावयास व पाझर तलावांच्या कामावर जाऊं लागले. तेथें मजुरांस सुकडी वाटीत. आणि रेशनच्या दुकानांत अमेरिकेंतून आलेली तांबडी ज्वारी मिळूं लागली. तिला लोक ‘मिलो’ म्हणत. शुभ्र, टपोऱ्या शाळूवर वाढलेल्या लोकांस ती पाहूनच धस्स होई. तिची भाकरी थापतांना चिरे, तव्यावर टाकतांना मोडे, आणि निवली कीं चिवट होई. अण्णांनीं तिचें नांव ‘ताम्रपट’ ठेवलें. ताट समोर आलें म्हणजे ते म्हणत, “पाहूं बरें, आज कोणत्या राजानें कोणतें गांव दान दिलें आहे!”

आईनें या ताम्रपटापुढेंहि हात टेकले नाहींत. आधणाच्या पाण्यांत पिठाची उकड काढून, मूठभर उडदाचें पीठ मिसळून तिनें भाकरीला चिकटपणा आणला. आणि दूध नाहीं म्हणून गुळाच्या पाण्यांत ओवा-तीळ घालून मिलोच्या दशम्या केल्या. त्या दशम्या ती आम्हांस शाळेच्या डब्यांत देई. आम्ही तेव्हां तालुक्याच्या शाळेंत दोन कोस चालत जात असूं. एके दिवशीं मधल्या सुटींत डबा उघडला, तों शेजारचा एक मुलगा मोठ्यानें म्हणाला, “अरे, अमेरिकेंत हें गुरांना घालतात!” सर्व हंसले. तें खरेंहि होतें. तिकडे ही ज्वारी मुख्यत्वें जनावरांच्याच खाण्याची. आम्हीं डबा मिटला, शाळेबाहेर आलों, आणि छावणीकडे चाललेल्या एका हाडकलेल्या बैलापुढें ती दशमी टाकली. त्यानें ती एका घासांत संपविली व आणखी कांहीं मिळेल म्हणून आमच्याकडे पाहत राहिला.

संध्याकाळीं डबा घासतांना आईनें विचारलें, “दशमी आवडली का रे?” आम्हीं म्हटलें, “हो, फार.” दुसऱ्या दिवशीं डब्यांत दोन दशम्या होत्या. ही दुसरी कोणाच्या वांट्याची, हें समजण्याइतके आम्ही मोठे होतों. त्या दोन्ही आम्हीं खाल्ल्या. पण खरें काय तें आईस कधींच सांगितलें नाहीं.

अण्णांचें तर आम्हांस त्याहूनहि उशिरां कळलें. १९६५ सालीं लालबहादूर शास्त्रींनीं सोमवारीं एक वेळ उपास करण्याचें आवाहन केलें, तेव्हांपासून अण्णा सोमवार करीत. एकादश्या होत्याच. दुष्काळाच्या सालीं त्यांनीं गुरुवार धरला, मग शनिवारहि धरला. भिक्षुकाचें घर, उपासाची आम्हांस नवलाई ती काय! उपास म्हणजे देवाधर्माचा, असेंच आम्ही समजत होतों. पुढील वर्षीं पाऊस बरा झाला, सुगीस घरांत पुन्हां पांढरी ज्वारी आली, आणि अण्णांचे गुरुवार व शनिवार आपोआप सुटले. ते कां सुटले हा प्रश्न त्या वेळीं आमच्या मनांत आला नाहीं. तो आला तेव्हां आम्ही स्वतः मुलाबाळांचे झालों होतों, व विचारण्यास अण्णा उरले नव्हते.

कोंड्याचा मांडा होतो तो असा. पाककृतींत गूळ, तीळ, ओवा लिहितां येतो. परंतु मांडा करणारानें आपल्या ताटांतून जें काढून घातलेलें असतें, तें लिहिण्याची सोय नाहीं. आमचें म्हणणें असें नव्हे, कीं आतां मुलांस ताम्रपट खावयास लावावे. तें दैन्य पुन्हां कोणाच्या वांट्यास न येवो. एवढेंच, कीं आईबाप हयात आहेत तोंवर प्रत्येकानें एकदां त्यांच्या ताटाकडेहि पाहून घ्यावें.

परवां आमच्या सौभाग्यवतींनीं नातवासाठीं मुद्दाम शिरांची चटणी केली. त्यानें ती वाटी पुसून खाल्ली. मग बैलाची गोष्ट आठवून त्यानें विचारलें, “आजोबा, तुमच्या आईला तें कळलें नसेल कशावरून?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. डबा घासणारास पुष्कळ कळत असतें.