मौनाचे वाचन : चिमणराव, मित्रा आणि समलिंगी आशय

जुन्या दूरदर्शन मालिकांतील अव्यक्त समलिंगी आशय शोधणे ही पाश्चात्त्य अभ्यासात रुळलेली वाचनपद्धती आहे. मराठी संहितांना ती लावताना दोन टोके संभवतात. प्रत्येक जिवलग मैत्रीवर एकच शिक्का मारणे हे एक; आणि ‘आपल्याकडे असे काही नव्हतेच’ असे म्हणून विषय मिटवणे हे दुसरे. दोन्ही टोके संहितेवर अन्याय करतात.

मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात चि. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका त्यावरून प्रसारित झाली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघरी नेली. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात मात्र मुंबईचे प्रक्षेपण तेव्हा पोहोचत नव्हते, तेथे चिमणराव भेटला तो पुस्तकातून. संसार काऊबरोबर आणि फजितीची मोहीम गुंड्याभाऊबरोबर, ही या कथांची रचना आहे. परंतु तेवढ्यावरून समलिंगी आकर्षणाचा निष्कर्ष काढता येत नाही. येथे सहवास उघडा आहे. संहिता काही झाकत नाही. भावकीतल्या पुरुषांच्या सलगीला मराठी कुटुंबात मोकळी जागा होती, एवढेच त्यातून सिद्ध होते.

याउलट जेथे संहिता एखादी भावना दाखवते आणि लगेच तिला शिक्षा, आजार किंवा मृत्यू यांच्या हवाली करते, तेथे वाचकाने थांबले पाहिजे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात मित्राचे स्त्रीवरील प्रेम स्पष्ट आहे. पण ही गोष्ट सांगतो बापू, आणि तिचा शेवट होतो मित्राच्या आत्महत्येत. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटात आश्रमातील दोन स्त्रियांची जवळीक येते ती कारभारापुढील एक अडचण म्हणून. या दोन्ही ठिकाणी आशय गुप्त नाही. गुप्त राहतो तो त्या स्त्रियांचा स्वतःचा स्वर. शोध घ्यायचा तो या स्वराचा.

अशा वाचनाकडे पुरावा मागितला जातो, आणि तो मागणे योग्यच आहे. मात्र कथेत स्त्री आणि पुरुष क्षणभर एकत्र आले की वाचक प्रीती गृहीत धरतो. तेथे पुरावा कोणी मागत नाही. कसोटी एकच असेल तर ती दोन्हीकडे लावावी लागेल.

संहितेला उलट प्रश्न विचारण्याची ही रीत परकी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) लिहून शास्त्रे आणि लोकरूढी यांनी स्त्रीवर लादलेले दोष पुरुषाच्या पदरात मोजून दाखवले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो ग्रंथ पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत तो जवळपास विस्मृतीत गेला होता. मौन पुस्तकात असते, तसे ते वाचकांच्या परंपरेतही असते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. कायद्याने दिलेली ही जागा वाङ्मयाच्या वर्गात आपोआप निर्माण होत नाही. आपल्यासारखे माणूस मराठीत शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आत्महत्या करणारी मित्रा तेवढी येणार असेल, तर तो दोष एकट्या नाटककाराचा नाही. तिच्यापलीकडे न वाचणाऱ्या समीक्षेचाही आहे. उसनी लेबले चिकटवून ही उणीव भरून निघणार नाही. त्यासाठी कोणाची गोष्ट कोण सांगतो आणि ती कोठे तोडतो, हे प्रत्येक संहितेला चिकाटीने विचारावे लागेल.